ई ओळीतली झाडं

सोलापुरात आई विड्या वळायची. तंबाखूचा वास भाकरीलाही यायचा. तीच भाकरी खाऊन मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. न्यूझीलंडमध्ये टौरंगाला किवीफळांच्या रोगावरच्या संशोधनात कंत्राटी नोकरी लागली, तेव्हा वरिष्ठ म्हणून एक पुणेकर भेटले. गोऱ्यांना हसून 'किया ओरा' असा तिथला माओरी नमस्कार करायचे. माझ्याशी बोलताना मात्र चष्मा पुसत राहायचे, वर बघायचे नाहीत.

बागेतल्या प्रत्येक झाडाला खूण होती, मध्ये ओळीचं अक्षर आणि दोन्हीकडे आकडे. '4E2' ही खूण त्यांच्या प्रोग्रामला संख्या वाटली, चारपुढे दोन शून्यं, आणि तिचे चारशे झाले. अशी ई ओळीतली सगळी झाडं हिशेबातून गळत होती.

मी म्हणाले, "सर, खुणा मजकूर म्हणूनच वाचायला सांगू या का? एक ओळच जातेय."

"अगं, एका ओळीनं काय होतंय? तुमच्याकडे घरात कुणी शिकलेलं नसतं ना, म्हणून तुम्हाला सगळ्याचीच धास्ती."

माझं कंत्राट वाढवणं त्यांच्याच हातात होतं. तरी मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर तो बदल करून दाखवला. सगळ्यात जास्त रोगट झाडं ई ओळीतच निघाली.

"स्वीट अ‍ॅज! वुई फाउंड इट टुगेदर," ते गोऱ्यांना त्यांच्याच बोलीत म्हणाले. तेव्हाही चष्मा पुसतच होते.

माणूस मनानं चांगला होता म्हणतात. असेल. मला ते मन कधी दिसलं नाही. कंत्राट त्यांनी वाढवलं नाही.

पुढच्या वर्षी ऑकलंडच्या एका प्रयोगशाळेत मला कायमची नोकरी मिळाली.