जिताड्यासाठी चारा

आमचे हे गेल्यानंतर तीनेक महिन्यांनी भावजी घरी आले. चहा घेतला, पण बिस्किटाला हात लावला नाही, तेव्हाच मी ओळखलं की यांना काहीतरी मागायचंय आणि ते घशात अडकलंय. भावजी म्हणजे सख्खे दीर नव्हेत. विक्रोळीच्या कंपनीत ह्यांच्याच खात्यात होते, मूळचे मालवणकडचे, आणि रविवारी खाडीवर गळ टाकायला ह्यांच्या शेजारी बसणारे. ते मला वहिनी म्हणतात, म्हणून मी त्यांना भावजी म्हणते.

"वैनी, येक इचारू? रागावणार नाय ना?"

रागावणार नाही असं मी कुणालाच कधी कबूल करत नाही. "विचारा तर खरं," म्हटलं.

"ती बांधाच्या टोकाची जागा. रिकामीच आसा आता. तुमची हरकत नसात तर मी बसान म्हणतंय."

आता ही जागा काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. हायवेच्या पलीकडे, तिवरांच्या झाडीमागे खाडीला एक जुना दगडी बांध आहे, निम्मा ढासळलेला. तिथे गळ टाकणाऱ्या चार-पाच जणांचा आपापसातला एक नियम आहे. पाण्यातल्या ज्या तुकड्यात तुम्ही चारा घालता तो तुकडा तुमचा. तिथे दुसरा कुणी गळ टाकत नाही, मग तुम्ही हजर असा वा नसा. पण चारा चालू ठेवायला हवा. अमावस्या-पौर्णिमेचं एखादं उधाण चुकलं तर समजून घेतात. लागोपाठ चुकायला लागली की जागा मोकळी झाली असं धरतात. ह्यांची जागा बांधाच्या अगदी टोकाला होती, नाल्याचं पाणी खाडीला मिळतं तिथे, आणि तीस वर्षं ती कुणी मागितली नव्हती. भावजी तीन महिने थांबले होते, म्हणजे त्यांनी मर्यादेपेक्षा जास्तच सभ्यपणा दाखवला होता. हे मला आज कळतं. त्या दिवशी मात्र माझ्या डोक्यात तिडीक गेली. कपाटातले कपडे मुलाने येऊन वाटून टाकले, बँकेतलं नाव काढून झालं, आणि आता पाण्यातली जागासुद्धा.

"जागा रिकामी नाहीये," मी म्हटलं. "उद्यापासून मी चारा घालणार आहे."

भावजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू उद्यापासून मी बस चालवणार आहे असं म्हटलं होतं. मग त्यांनी बिस्कीट उचललं, न खाताच परत ठेवलं आणि गेले.

चारा करण्याबाबत मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तीस वर्षं तो मीच करत आले होते. भाताचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड, भाजून कुटलेला सुका जवळा आणि भिजवलेला शिळा पाव. परातीत घालून पोळीच्या कणकेहून जरा सैल मळायचं. खाडीवर गेल्यावर त्यात तिथलाच चिखल मिसळून गोळे वळायचे, म्हणजे ते तळाला बसतात आणि हळूहळू सुटतात. नाहीतर भरतीचं पाणी सगळं घेऊन जातं. जिताडा स्वतः कोंड्याला तोंड लावत नाही. तो शिकारी मासा. पण चाऱ्याच्या वासावर बारीक कोळंबी येते, बोय माशाची पिल्लं येतात, आणि त्यांच्या मागावर तो येतो. हे सगळं मला ऐकून पाठ होतं. फक्त खाडीवर मी कधी गेले नव्हते. मी करायचे, हे घेऊन जायचे, मासा घरी यायचा. एवढाच माझा खाडीशी संबंध.

दुसऱ्या दिवशी ह्यांचे गमबूट घालून निघाले. दोन नंबर मोठे होते, आत मोजे कोंबले. रिक्षावाल्याने नाहूरपासून विक्रोळीपर्यंत आरशातून माझ्या पिशवीकडे बघत नाक आक्रसलं. मी रिक्षाबाहेर पाहत बसले. त्याला उत्तर द्यावं इतकीही मला कुणाशी बोलायची सवय उरली नव्हती.

खरं सांगायचं तर ते महिने फार वाईट गेले. शाळेतल्या नोकरीतून मी निवृत्त झालेली, मुलगा परदेशात, त्याचा फोन रविवारी यायचा आणि बाकीचे दिवस मी घरात काय बोलले असेन तर दूधवाल्याशी. टीव्ही लावून ठेवायचे, पण आवाज बंद करून. तो आवाज मला उद्देशून नाही हे सारखं जाणवायचं. खाडीवर जायला लागल्यापासून निदान एक ठिकाण असं झालं की तिथे मी गेले नाही तर काहीतरी बिघडणार होतं. जागा जाणार होती. एवढी एकच गोष्ट जगात मला धरून ठेवता येणार होती आणि ती मी धरणार होते.

मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं आई, तिकडे चिखल आहे, साप आहेत. कशाला जातेस? आणि मासे तरी पकडतेस का?"

"नाही. चारा घालते."

"म्हणजे नुसतं खायला घालतेस?"

"हो."

मग त्याने माझं बीपी विचारलं.

बांधावरचे लोक माझ्याशी फार चांगले वागले, म्हणजे मला टाळून वागले. भावजी, घाटकोपरचे एक निवृत्त इलेक्ट्रिशियन, आणि एक भांडुपचे, ते तर कुणाशीच बोलत नसत. मी आले की ते गळाच्या काठ्या आवरून वाट करून द्यायचे. मी टोकाला जाऊन चिखल कालवायचे, गोळे वळायचे आणि एकेक करून पाण्यात सोडायचे. हात लाडू वळून तयार झालेले, गोळे कसे गोल गरगरीत व्हायचे. घाटकोपरवाले एकदा न राहवून म्हणाले, "झकास वळता हो ताई." तेवढं एक वाक्य मी दिवसभर पुरवलं.

एका सकाळी भरती नुकती लागली होती. गोळे टाकून मी दगडावर बसले होते. थोड्या वेळाने पाणी तिथल्या तिथे चुळबुळायला लागलं, बारीक बारीक ठिपके उडायला लागले. कोळंबी, पिल्लं, काय काय ते. आणि मग त्याच्याखालून एक पाठ वर आली. चांगली हातभर लांब, काळपट, कडेला चंदेरी. तोंड उघडल्याचा फट्‌ असा आवाज झाला, ठिपके सगळे एकदम विझले आणि पाण्यावर मोठं वर्तुळ उरलं.

"अहो, बघितलंत का!"

मी हे मोठ्याने म्हणाले. डावीकडे मान वळवून म्हणाले. डावीकडे दगड होता. बांधावरचे तिघंही आपापल्या दोऱ्यांकडे इतकं लक्ष देऊन बघायला लागले की त्यांनी ऐकलं हे मला नीटच कळलं. त्या दिवशी मी घरी येऊन काही रांधलं नाही.

तो जिताडा त्यानंतरही येत राहिला. त्याच्या जोडीला आणखीही असावेत. टोकाशी मासाच मासा झाला होता आणि मला त्याचा अभिमान वाटायला लागला होता. मग मी कोंडा वाढवला. पाव जास्त घातला. ह्यांना करून द्यायचे तशी पिशवी गच्च भरून न्यायला लागले. आणि त्याच सुमाराला बांधावरच्या कुणालाच काही मिळेनासं झालं. रविवारमागून रविवार तिघंही रिकाम्या पिशव्या झटकत उठायचे. मला बोलायची कुणाची छाती नव्हती. शेवटी एका सकाळी भावजी गमछ्याने हात पुसत माझ्यापाशी आले.

"वैनी, राग नको. तुमी माशांका जेवण घालतास. आमी नुसतो वास दाखयतो. पोट भरल्यार गळाक कोण तोंड लावतलो?"

आयुष्यभर घरात माणूस पानावरून अर्धपोटी उठू दिला नाही, तेच मी इथे येऊन करत होते. चूक कळली तशी लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो.

"हे काय सांगता भावजी? एवढाच चारा मी ह्यांना दर रविवारी करून देत होते. ही पिशवी भरून. त्यांना बरे मासे मिळायचे!"

भावजी घाटकोपरवाल्यांकडे बघायला लागले. घाटकोपरवाले पाण्याकडे.

"बोला की."

"ते मूठभर टाकीत, वैनी. बाकीचो आमी वाटून घेव. आमी कोणीच घरसून चारा आणूक नाय कधी."

तीस वर्षं. मी जवळा भाजून खलबत्त्यात कुटत होते. मनगट दुखायचं तरी कुटत होते. पेंड आणायला मुलुंडच्या बाजारात उन्हातान्हात जात होते. आणि लागत होता मूठभर! मला इतका संताप आला की समोर हे असते तर तिथेच बांधावर तोंड सोडलं असतं. ते नव्हते, म्हणून भावजींवर सोडलं.

"आणि एकदा मला सांगता आलं नाही? कमी कर गं, एवढा लागत नाही, एवढं म्हणायला काय जात होतं? जीभ झिजली असती का त्यांची?"

"मी सांगितलंय त्यांका," भावजी म्हणाले. आता तेही जरा चिडले होते. "म्हटलंय, वैनीक किती तरास. अर्धो केल्यान तरी पुरात. तर हसाक लागले. म्हणाले, नको रे. अर्धो केल्यान तर अर्ध्या वेळात परातीवरसून उठान जायत ती."

पाणी बांधाला लागून वर चढत होतं. पलीकडे तिवरांतून कुणीतरी उडवलेले बगळे ओरडत गेले. मी हातातला चिखलाचा गोळा तसाच धरून उभी राहिले.

ह्यांच्या पाळ्या बदलत्या, माझी शाळा सकाळची. आठवडाभर आम्ही एकमेकांना दाराशीच भेटायचो, एक आत येताना, एक बाहेर जाताना. रविवारी उजाडायच्या आत मी स्वयंपाकघरात जमिनीवर परात घेऊन मळायला बसायचे आणि हे समोर येऊन बसायचे. काही मदत नाही. पाय पसरून, भिंतीला टेकून नुसते बसलेले. कोण रजेवर गेलं, कुणाचं लग्न ठरलं, गावच्या आंब्याला या वर्षी मोहर कसा आहे, असं काहीबाही बोलत. मी म्हणायचे, अहो, नुसते बसलात काय, पाव तरी चुरा. तर एक पाव घेऊन तो चुरायला सबंध वेळ लावायचे. मला वाटायचं, माणूस आळशी आहे.

मी गोळा पाण्यात टाकला नाही. पिशवीत ठेवला, पिशवी उचलून भावजींच्या हातात दिली.

"बसा तुम्ही इथे."

"तसा नाय वैनी, मी जागेसाठी नाय बोललंय..."

"मला माहितेय. बसा. एवढा मासा आलाय, आणि गळ नाही पाण्यात. मूठभरच टाका आता."

त्यांनी काठी आणली. टोकाच्या दगडावर बसताना आधी त्या दगडाला हात लावून कपाळाला लावला. मला तिथून निघायचं होतं, पण मी थांबले. मी ज्यासाठी इतके महिने चिखल तुडवला ती जागा मी देऊन टाकली होती, आणि देताना हातातून काही गेल्यासारखं वाटलं नव्हतं, कारण ह्यांची जागा इथे नव्हतीच. ती परातीसमोर होती, आणि तिथे कितीही चारा घातला तरी कुणी परत येणार नव्हतं.

"वैनी," भावजी दोरा सोडता सोडता म्हणाले, "पुढच्या रविवारी थोडो चारा देशात मा करून? तुमच्यासारखो कोणाक जमात नाय."

"नाही," मी म्हटलं. "बायकोला सांगा करायला. भरपूर करायला सांगा."

"ती? तिका जवळ्याचो वास सहन होणा नाय."

"मलाही व्हायचा नाही, भावजी," मी म्हटलं, आणि रडू फुटायच्या आत बांधावरून मागे वळले.