बारा झाडांची साक्ष

परतवाड्याच्या एका संशोधक ताईंमुळे मी आज या दुकानात टिकून आहे, आणि त्यांच्यामुळेच दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. हे आधी सांगतो, कारण पुढची हकीकत माझ्या चुकीची आहे.

माझं गाव सोलापूरच्या पलीकडे. नववीत शाळा सुटली. टायपिंग तेवढं येत होतं, त्यावर अकोल्यातल्या एका झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात लागलो. शेतीचं शिकणारी मुलं इथे प्रबंध टाइप करायला देतात. इंग्रजी मला निम्मं कळतं, बोटं मात्र कुठे अडत नाहीत. नव्या मुलाचा विषय जुन्यासारखा असला की मालक म्हणतात, "जुन्या फायलीतून उचल ना बाप्पा. काहून नव्यानं बडवून राहिला?" मग आधी कोणी काय शोधलं, ते प्रकरण जसंच्या तसं नव्या प्रबंधात जातं. मुलांनाही ते बरं वाटतं.

ताईंचा प्रबंध संत्र्यावर होता. फुलं यावीत म्हणून झाडांचं पाणी काही आठवडे तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. हा ताण लांबवला तर फुलं जास्त येतात, असं जुन्या प्रबंधांत होतं. ताई शेजारी स्टुलावर बसून मजकूर सांगत होत्या, तेवढ्यात वडिलांचा फोन आला.

"बाबा, तीन प्रबंधांत हेच आहे. एकशेवीस झाडांवर करून पाह्यलं त्यायनं. यंदा पुऱ्या बागेले ताण वाढवू."

माझे हात थांबले. त्यातला पहिला प्रबंध मीच टाइप केला होता, दुकानात नवा असताना. तो लिहिणारा मुलगा बारा झाडांना बारा रंगांच्या चिंध्या बांधल्याचं कौतुकानं सांगायचा. बारा.

मालक जेवायला गेल्यावर माळ्यावर चढलो. कोणाचं कधी काय लागेल म्हणून ते जुनी हस्तलिखितं टाकत नाहीत. पान सापडलं. झाडं बाराच होती. बारापुढचं जादा शून्य माझं होतं, आणि पुढचे दोन प्रबंध माझ्याच फायलीतून उचललेले.

दोन दिवस मी बोललो नाही. माझ्याआधीच्या टायपिस्टला मालकांनी अशाच एका चुकीवर काढलं होतं, आणि या गावात मला दुसरं कोणी ओळखत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ताई सहज म्हणाल्या, "सोमवारपासून बाबा पाणी बंद करून राहिले." तेव्हा ते पान त्यांच्यापुढे ठेवलं आणि पुढचे दोन प्रबंध कुठून उचलले तेही सांगितलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे तिघं नाहीत हे. एकच जण तीनदा बोलून राहिला."

"चूक माझी आहे ताई. मालकांना कळलं तर..."

"तुमची एका शून्याची. आमी तं मूळ कागद उघडलाच नाही कोणी." मग चष्मा काढून म्हणाल्या, "पण दोन दिवस गप्प बसले तुमी. बाग वाळली असती तं काय टाइप केलं असतं, शोकसंदेश?"

ताईंनी वडिलांना तिथूनच फोन लावला. त्यांचा आवाज मलाही ऐकू आला. "बारा? बारा झाडं तं माह्या बांधावर आहेत. तेवढ्यावर पुरी बाग तहानेली ठेवू?"

आपल्या मार्गदर्शकांना ताईंनी आकड्याची चूक कळवली. मालकांना एवढंच म्हणाल्या, "माह्या प्रबंधात जुन्या फायलीतलं काही नको." पुढचा महिनाभर संध्याकाळी त्या मला ग्रंथालयात सोबत नेत. एकेक संदर्भ काढायचा आणि पाहायचं, मोजलं कोणी, किती झाडं मोजली, ताण न दिलेली झाडं शेजारी ठेवली होती का, आणि लिहिणाऱ्यानं स्वतः पाहिलं की दुसऱ्याचं वाचून लिहिलं. ज्याचं मूळ मिळालं नाही, ते काढून टाकलं. यादी निम्मी झाली. ताईंनी ती तशीच प्रबंधात लावली. याच दिवसांत कधीतरी म्हणाल्या, "दहावी काहून सोडून ठेवली तुमी?"

यंदा त्यांच्या वडिलांनी दोनच ओळींना लांबवलेला ताण दिला आहे. शेजारच्या दोन ओळींना नेहमीचा. एका वर्षानं काही ठरत नाही, आणखी तीनचार बहार, म्हणजे फुलांचे हंगाम, मोजावे लागतील, असं ताई म्हणतात. माझी परीक्षा झाली आणि मालकांनी सुट्टी दिली, की एका बहाराला मी परतवाड्याची एसटी धरणार आहे. चारही ओळींतली फुलं झाडागणिक स्वतः मोजून, कागदावर हातानं लिहून त्यांना देईन. त्यांचं देणं फेडायला माझ्याजवळ दुसरं काही नाही.