पंधरा ऑगस्टचं लग्न

मुलीचं लग्न रियाधमध्ये करायचं ठरलं ते हौसेने नव्हे. जावयाची सप्टेंबरात जिझानला बदली होणार होती. तिथे कंपनी घर देणार ते लग्नाचा दाखला पाहूनच, आणि दोघांनाही डिसेंबरपर्यंत रजा नव्हती. तेव्हा दूतावासात नोंदणी, मंगलाष्टकं आमच्या हॉलमध्ये आणि संध्याकाळचं जेवण भाड्याच्या इस्तिराह्यात, म्हणजे गावाबाहेरच्या मोठ्या हॉल-अंगणाच्या जागेत, असं ठरलं. सगळ्यांना सोयीचा शुक्रवार एकच होता, आणि तो नेमका पंधरा ऑगस्ट.

"अगं, चातुर्मास आहे," मी म्हणाले. पुण्याच्या गुरुजींनी फोनवर सांगितलं, "काळजी नको, आपत्कालीन मुहूर्त काढून देतो." पुढचे दोन महिने हा आपत्काल माझ्या घरात मुक्कामाला होता.

कारण मुलीच्या डोक्यात थीम शिरली. "आई, इंडिपेंडन्स डे आहे, सासरे फौजी आहेत. तिरंगा थीम ठेवू या ना! ही विल लव्ह इट."

व्याही सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. विहीणबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. एकट्या माणसाला बरं वाटेल, एवढा विचार पोरीने केला याचं मला कौतुक होतं. पण माझ्या मनात होतं ते मोगऱ्याचे गजरे, दोन समया आणि पांढरी चादर. मी म्हणाले, "हिरवा चुडा तू घालणारच आहेस. केशरी शेला घे, ऑफव्हाइट साडी नेस. झाली थीम." ती म्हणाली, "तसं कुणाला कळणार?" कळलंच पाहिजे, ही तिची अट होती.

मग सजावटवाला आला. हैदराबादचा, बोलायला गोड. फोनवर फोटो दाखवत म्हणाला, "मॅडम, ग्रीन और व्हाइट का माल तो बहुत है, यहाँ के नॅशनल डे का. बस ऑरेंज लगाना पड़ेगा." त्याने आणलेलं ऑरेंज म्हणजे रस्ता खोदताना ठेवतात त्या शंकूंचा रंग. मी केशरी म्हणजे काय ते समजावण्यासाठी स्वयंपाकघरातून केशराची डबी आणून दाखवली. त्याने दोन काड्या तळहातावर घेतल्या, वास घेतला आणि म्हणाला, "ये तो रेड है."

इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणीने मदत करते म्हणून फोन केला आणि तिरंगी ढोकळा, तिरंगी पुलाव, तिरंगी बर्फी अशी यादी पाठवली. पालक घातलेल्या श्रीखंडाचाही विचार चालू होता. यजमान लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाले, "खाताना डोळे मिटायचे."

पण खरी हद्द झाली ती अंतरपाटाची. मुलीने तिन्ही रंगांचा अंतरपाट शिवायला टाकला होता. मी म्हणाले, "अगं, मंगलाष्टकं संपली की अंतरपाट खाली घेतात. झेंडा खाली घेणार तुम्ही, पंधरा ऑगस्टला, सुभेदाराच्या डोळ्यांदेखत?"

"आई, तो झेंडा नाहीये, फॅब्रिक आहे!"

लग्नाच्या आठ दिवस आधी व्याही आले. शिडशिडीत, कमी बोलणारे. पाहुणे म्हणून स्वस्थ बसायचं तर पहिल्याच दिवशी माझ्यासमोर बसून त्यांनी दोन किलो मटार सोलले. मुलगी त्यांना रोज काहीतरी दाखवायची. पताका, बिल्ले, फेटे. ते म्हणायचे, "छान आहे, पोरी."

एकदा सगळे बाहेर गेलेले असताना मी चहा दिला आणि मला राहवलं नाही. "सुभेदारसाहेब, खरं सांगा. तुम्हाला हे आवडतंय?"

त्यांनी बशीत चहा ओतला. फुंकर घालून एक घोट घेतला. मग म्हणाले, "विहीणबाई, सव्वीस वर्षं पंधरा ऑगस्टला उन्हात उभा होतो. निवृत्त झाल्यावर गावात शाळेचा झेंडा, सोसायटीचा झेंडा, पंचायतीचा झेंडा. भाषण पण मीच करायचं. ही म्हणायची, एकदा तरी त्या दिवशी घरात बसून गरम जेवा. ते काही जमलं नाही. तिकीट हातात आलं तेव्हा म्हटलं, चला, यंदा मुलाचं लग्न, यंदा सुट्टी."

"अहो, मग तिला सांगा ना!"

"छे छे. एवढ्या हौसेने करतेय. सुनेचं मन मोडायचं नाही."

म्हणजे ते मोडण्याचं काम माझं. मी त्याच दिवशी मुलीला सरळ सांगितलं. तिचे डोळे भरले. "त्यांनी तुला असं सांगितलं? तुलाच?" आणि ती तडक त्यांच्याकडे गेली. मी पाठोपाठ. तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला थीम नकोय का?"

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नको कशाला? छान आहे की! लाव झेंडे."

मी तिथेच, दारात, खोटारडी ठरले. मुलीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते मी सांगत नाही. मी आत जाऊन ओटा दोनदा पुसला.

दुसऱ्या दिवशी मात्र मी ठरवलं की आता कुणाला काही विचारायचं नाही. सजावटवाल्याला फोन केला, "सिर्फ सफेद. ऑरेंज, ग्रीन, सब खलास." मैत्रिणीला सांगितलं, साधा मसालेभात, पुऱ्या, पांढरं श्रीखंड. तिरंगी अंतरपाट घडी घालून कपाटात ठेवला आणि माझ्या लग्नातला काढला. मुलीने विचारलं, "का?" मी म्हणाले, "मला आवडत नाही म्हणून. मी वधूची आई आहे, एवढं चालवून घ्या." ती दोन दिवस माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलली.

लग्न चांगलं झालं. गुरुजी व्हिडिओवर दोनदा अडकले, अक्षता एसीच्या वाऱ्याने भलतीकडेच उडाल्या. मुलगी ऑफव्हाइट साडीत इतकी सुंदर दिसत होती की मला रागावणंही जमेना. संध्याकाळी इस्तिराह्यात सुभेदार पहिल्या पंगतीला बसले ते बसलेच. मैत्रीण माइककडे निघाली, सुभेदारांनी दोन शब्द बोलावेत म्हणून. मी तिचा पदर धरला. सुनेने त्यांना स्वतः वाढलं. त्यांनी सात-आठ पुऱ्या खाल्ल्या, गरम गरम, अगदी सावकाश.

आता मुलगी जिझानहून फोन करते. लग्नाचे फोटो निघाले की तिचं ठरलेलं वाक्य येतं, "सगळं मस्त होतं, फक्त आईने थीम होऊ दिली नाही." परवा व्याही साताऱ्याहून त्याच कॉलवर होते. मला वाटलं, आता तरी बोलतील. ते खाकरले आणि म्हणाले, "जाऊ दे पोरी. विहीणबाईंना जरा साधंच आवडतं."