नक्कल नव्हती ती

मुरुडच्या अलीकडे, एका कोळीवाड्यातल्या शाळेत मी पहिलीचा वर्ग घ्यायचे. नोकरीला बारा वर्षं झाली होती आणि मुलं मला कळतात अशी माझी पक्की समजूत होती.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी आली. हाक मारली तर बघायची नाही. "तुझं नाव काय?" असं विचारलं, की माझ्याच सुरात म्हणायची, "तुझं नाव काय?" वर्ग खदखदून हसायचा. मला वाटायचं, ही मला वेडावते. मी तिला शेवटच्या बाकावर बसवलं. मासे सुकवायचं काम करणाऱ्या तिच्या आईला बोलावून सुनावलं, "मोबाईल कमी द्या. लाडानं उद्धट झालीय." आई काहीतरी सांगायला गेली, तेवढ्यात घंटा झाली आणि मी उठले.

सुट्टीआधी मी रोज विचारायचे, "शू लागली का कुणाला?" एका दुपारी पाढे चालू असताना ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "शू लागली का कुणाला?"

मुलं हसली. मी ओरडले, "नक्कल करतेस? जा जागेवर!"

ती हलली नाही. परत तेच म्हणाली, जरा मोठ्यानं. मी तिचा दंड धरून तिला तिच्या बाकापाशी उभं केलं. थोड्या वेळानं शेजारची मुलगी किंचाळली. फरशीवर ओल पसरत होती. ती मात्र रडत नव्हती. दोन्ही कानांवर हात दाबून तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती.

निरोप मिळताच आई कामावरून तशीच धावत आली. लेकीला पदरानं पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, ती नक्कल न्हाय करत. तिला मागता येत न्हाय, म्हणून आपण विचारतो तोच प्रश्न बोलते. भूक लागली की म्हणते, 'जेवतेस का गं?' मी लगेच वाढते. त्या दिवशी हेच सांगणार होते."

स्वमग्न मुलांवर आमचं एक प्रशिक्षण झालं होतं. मी मागे बसून वह्या तपासल्या होत्या. हे मी तिच्या आईला सांगितलं नाही. माफी मात्र मागितली. "जाऊ दे" असं ती म्हणाली नाही.

पुढे अलिबागहून विशेष शिक्षिका येऊ लागल्या. त्यांनी चित्रांची कार्डं दिली. म्हणाल्या, "तिला प्रश्न विचारू नका. तिनं जे म्हणायला हवं, ते तुम्ही म्हणून दाखवा. मग थांबा." थांबणं मला सगळ्यात जड गेलं. दिवाळीनंतर कधीतरी तिनं संडासाचं चित्र माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "मला शू लागलीय." पाढा अर्धवट सोडून मी तिच्याबरोबर गेले.

त्याच आठवड्यात मैदानात दोन मुलं तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. "नक्कल करतेस? जा जागेवर!" हुबेहूब माझा आवाज. मी रागावले, तर त्यातला एक गोंधळून म्हणाला, "बाई, तुम्हीच बोलता ना असं?"

दुसऱ्या दिवशी हजेरीआधी मी वर्गाला सांगितलं, की माझं चुकलं होतं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. तिला ऐकू गेलं का, कळलं का, मला अजून माहीत नाही.