चुकीच्या उत्तरांसाठी अनुदान

लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. माझे आयुष्य कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवण्यात गेले. फळ्यावर जे लिहिले ते तास संपताच पुसले जाई, आणि ही व्यवस्था माझ्या स्वभावाला मानवणारी होती. साठी ओलांडलेल्या बाईने आता लेखणी हाती धरावी, याला कारण इतकेच की बोलून पाहिले आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

नागपुरातल्या एका महाविद्यालयाच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँडच्या वरच्या दोन खोल्यांत, आमचे केंद्र आहे. विज्ञान आणि तंत्रज्ञान विदर्भातल्या शाळांत कसे शिकवले जाते आणि मुलांना ते कसे उमगते, याच्या संशोधनासाठी ते दिल्लीच्या अनुदानावर सुरू झाले. निवृत्तीनंतर मानधनावर मी तिथे गेले आणि, उशिरा का होईना, मला माझे काम सापडले. पुढे ज्या सरांनी केंद्र उभे केले ते वारले, त्यांची जागा भरली गेली नाही, आणि वयाने मोठी म्हणून प्रभारीपद माझ्याकडे आले. चार माणसांसमोर बोलायचे म्हटले की मी मागच्या रांगेत जाऊन बसते. अनुदान मागण्याचे काम नेमके अशा बाईच्या वाट्याला आले.

आमची कामाची रीत बाहेरच्यांना विचित्र वाटे. आम्ही शाळेत जाऊन मुलाला एक प्रश्न विचारतो, ध्वनिमुद्रण सुरू ठेवतो आणि ऐकत बसतो. उत्तर बरोबर असो वा चूक, मान हलवायची नाही, भुवई उचलायची नाही, ‘शाब्बास’ तर मुळीच म्हणायचे नाही. बरोबर उत्तर पाठ करता येते. चुकीचे उत्तर मात्र मुलाला स्वतःच घडवावे लागते, आणि ते कसे घडले हे कळले की शिकवायचे कुठून ते कळते. खापरखेड्याकडच्या एका शाळेत, जिच्या पटांगणातून वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात, सातवीतल्या एका मुलीला मी विचारले होते, कोळशापासून वीज कशी होते?

“कोयशात करंट झोपून राह्यते, मॅडम. आग लावली का उठते अन् तारेतून पयते.”

“मग राख काय असते?”

“राख म्हणजे बिछाना हाय त्याचा. तो उठून गेला, बिछाना मागं राह्यला.”

चुकीचेच उत्तर, पण साठवलेल्या ऊर्जेची कल्पना या मुलीने पुस्तकाच्या आधी, एकटीने गाठली होती. त्या उत्तरावरून आम्ही एक पाठ तयार केला आणि तो इतर शाळांतही चालला. असे काम आणखी काही वर्षे करता यावे, एवढेच माझे मागणे होते.

पुढचे अनुदान द्यायचे की केंद्र बंद करायचे, हे ठरवायला दिल्लीहून समिती येणार असे कळले. तिला एक शाळाही पाहायची होती. आम्ही खापरखेड्याची निवडली. माझी सहकारी, काटोलहून रोज बसने येणारी, कंत्राटावरची तरुण संशोधिका, मला धीर देत होती.

“मॅडम, बोलायचं सगळं मी पाहून घेईन. तुम्ही फक्त चक्कर येऊन पडू नका.”

मुख्याध्यापकांना मी स्वतः फोन केला. “काही विशेष करू नका सर. रोजच्यासारखाच वर्ग असू द्या.” ते हसून ‘हो, हो’ म्हणाले. मला तेव्हाच उमगायला हवे होते. आपल्याकडे तपासणीला येणारा प्रत्येक जण ‘काही करू नका’ असेच म्हणतो, आणि ते शब्दशः घेणारा यजमान अडाणी ठरतो.

त्या दिवशी फाटकापासून रांगोळी होती. मुख्याध्यापक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सामोरे आले.

“जय भीम मॅडम. टेन्शन घेऊ नका. हप्ताभर दुसरं काईच शिकवलं नाही. पोरं अशे तयार केले, का एकाचं बी उत्तर चुकणार नाही.”

सहकारी माझ्या कानाशी पुटपुटली, “मेलो आपण.”

समितीच्या अध्यक्षांनी विचारले आणि मुलांनी उत्तरे दिली. हाताची घडी, ताठ मान, एकाच चालीत. राखेला बिछाना म्हणणारी ती मुलगी उठली आणि म्हणाली, “कोळशाच्या ज्वलनाने पाण्याची वाफ होते, वाफेने टर्बाइन फिरते, आणि यांत्रिक ऊर्जेचे विद्युत ऊर्जेत रूपांतर होते.” अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

मी पुढे झाले. कशी झाले ते मला अजून कळलेले नाही. “तुला स्वतःला काय वाटते, ते सांग बाळा,” मी म्हटले. तिने हाताची घडी आणखी घट्ट केली. घरी ज्या बोलीत वाढले, तीत मी पुन्हा विचारले, “तुले काय वाटते, ते सांग ना वं.” तिने मुख्याध्यापकांकडे पाहिले आणि तेच वाक्य, पहिल्यापेक्षा मोठ्या आवाजात, पुन्हा म्हणून दाखवले.

अध्यक्ष प्रसन्न होते. “मॅडम, आपके बच्चे तो सब जानते हैं. फिर रिसर्च किस बात की?”

मी म्हणाले, कृपा करून आमची ध्वनिमुद्रणे ऐका, मुले खरे काय बोलतात ते त्यांत आहे. माझा आवाज इतका कापत होता की मलाच त्याची कीव आली. “रिपोर्ट में लगा दीजिए,” ते म्हणाले. जेवणाची वेळ झाली होती.

समितीची गाडी दिसेनाशी झाल्यावर सहकारी उसळली. “सर, काहून केलं हे? डुबवलं ना आम्हाले!”

मुख्याध्यापकांना आधी काही समजेना. समजले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला, आणि मग कठीण झाला.

“तुम्ही येता, आमच्या पोरांच्या चुका भरून नागपूरले नेता. मी कधी काई म्हटलं? पण दिल्लीचे लोक घरी आले तवा बी चुकाच दाखवू? या पोरांच्या आज्याले शाळेच्या पायरीवर उभं नोते करत, मॅडम. अन् आमचे पोरं ढ हायेत म्हणून पैसे भेटणार होते काय तुम्हाले?”

माझे आजोबाही त्याच पायरीखालचे. मग मुख्याध्यापकांनीच चहा मागवला आणि आम्ही तो प्यायलो.

केंद्राची गरज सिद्ध होत नाही, असे महिन्याभरात कळवण्यात आले. त्यानंतर मी दारोदार फिरले. गांधीबागेतल्या एका कापडाच्या व्यापाऱ्यांनी मला गादीवर बसवून, ताक पाजून, सगळे ऐकून घेतले.

“मॅडम, पहिल्या येणाऱ्याले बक्षीस द्यायचं म्हणा, आत्ता देतो. हॉल बांधायचा म्हणा, वडिलांच्या नावानं देतो. पण चुकणाऱ्यासाठी?” ते खरोखरच विचारात पडले. “लोक हसतील ना मले.”

त्यांचा राग आला नाही. ते निदान विचारात तरी पडले.

आता महाविद्यालयाला दोन्ही खोल्या परत हव्या आहेत. मुलांचे आवाज ज्या संगणकांत आहेत, ते निकामी ठरवून भंगारात जायचे आहेत. मी ते आवाज उतरवून घेते आहे खरी, पण ऐकणारे कोणी नसेल तर ते माझ्या कपाटात पडून राहतील. माझ्या तरुण संशोधिकेला एका कोचिंग क्लासने बोलावले आहे. “तिथं बरोबर उत्तरंच लागतात मॅडम, सोपं काम हाय,” ती म्हणते आणि हसते. पण अजून गेलेली नाही. रोज बसने येते, माझ्यासमोर बसते, आणि आज कोणाकडे जायचे, असे विचारते. माझ्याजवळची नावे संपली आहेत. म्हणून संकोच बाजूला ठेवून तुम्हालाच विचारते: मुलांची चुकलेली उत्तरे ऐकून घेण्यासाठी पैसे देईल, असे कोणी तुमच्या माहितीत आहे का?