बोरन्हाणाच्या दिवशी

ह्यांना मी एकच गोष्ट सांगितली होती. रविवारची दुपार, बाळ झोपलेलं, हे माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाले, मनात काय आहे ते सांग ना, माझ्यापाशी कसली लाज. इतकं गोड बोलले की मी सांगून टाकलं, की अंघोळ घालताना बाळ एकदा साबणाने हातातून निसटलं, टबात गेलं, लगेच उचललं, काही झालं नाही, पण तेव्हापासून रोज माझे हात कापतात. ह्यांनी माझे हात धरले, म्हणाले, हे आपल्या दोघांतच. मला वाटलं, नववीत शाळा सोडलेली मी, पण नवरा बाकी चांगला मिळाला.

मग उत्तरायण आलं, म्हणजे आपली संक्रांत. बाळाचं पहिलं बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचे दागिने घालून त्याला आईच्या मांडीवर बसवायचं नि डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतायचे. घर बायकांनी भरलेलं. हे अगाशीवर पतंग उडवत होते, ते खाली आले, तेवढ्यात ह्यांची मावशी म्हणाली, बाळ छान गुटगुटीत आहे हो. झालं.

"अगं मावशी, सगळं मलाच बघावं लागतं," हे हसत म्हणाले. "हिच्या हातून तर टबात पडलं होतं. अजून घाबरते. मी आहे म्हणून निभावतंय."

सगळ्या कौतुकाने ह्यांच्याकडे बघत राहिल्या. मी पण बघत राहिले. ह्यांना माझ्याकडे बघायचं सुचलंच नाही.

सासूबाई म्हणाल्या, "मग तू नको बसूस गं," नि बाळ नणंदेच्या मांडीवर दिलं. बोरं तिच्या पदरात पडली. मी बाजूला परात धरून उभी.

नंतर स्वयंपाकघरात ह्यांना विचारलं, "का सांगितलंत?"

"त्यात काय एवढं? सगळ्या म्हणत होत्या, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. ते नाही ऐकलंस?"

दुसऱ्या दिवशी सासूबाई नणंदेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अंघोळ ताई घालेल, तू राहू दे." दाराआड बाळ रडायला लागलं, मला वाटलं आता हे रोजचंच, बाळ माझं राहणारच नाही. मी आत गेले, म्हटलं, ताई, द्या इकडे. हात कापत होते तरी घेतलं.

हे मोबाइल घेऊन दारात आले. "बघ आई, शिकवलं की नाही मी हिला?"

बाळाच्या काखेत हात घालून घट्ट धरलं होतं, मी तिकडेच बघत होते.