मास्तरांची सुतळी

हुलसूरच्या शाळेत शिवशंकरप्पा मास्तरांनी एकोणतीस वर्षं पोरांना सुतारकाम शिकवलं. लिंगायताच्या पोरानं तागडी धरावी, नाहीतर नांगर. यांनी धरला रंधा. भाऊबंद हसले, आणि पुढं त्यांच्याच हातच्या पाटांवर बसून जेवले. जगाची रीतच ती. पोलीस ॲक्शननंतर वर्षभरात मास्तर पेन्शनीत निघाले, तेवढ्यात कुणा शहाण्यानं कागाळी केली की त्यांनी रझाकारांच्या बंदुकांना दस्ते करून दिले. शिपाई आले, परसातली कामाची खोली उपसली. सापडलं काय, तर भोवरे आणि एक अर्धवट पाळणा. तेव्हापासून मास्तरांनी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली करदोड्याला बांधली.

कुलूप दिसलं की आत काहीतरी आहे असं माणसाला वाटतंच. त्यांची सून ईरम्मा हिला तर फारच वाटायचं.

तिचा सासऱ्यावर विश्वास नव्हता, आणि उगीच नव्हता. लिंगायतात मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. फुलांनी मढवलेल्या लाकडी खुर्चीत बसवून नेतात, तिला विमान म्हणतात. गावात कुणी गेलं की मास्तर सुतळी घेऊन जायचे, बसवलेल्या देहाचं माप घ्यायचे, सुतळीला गाठी मारायचे आणि विमान फुकट करून द्यायचे. चार वर्षांमागं ईरम्माचा थोरला पोरगा तापानं गेला. पाच वर्षांचा होता. सकाळी त्याचा श्वास थांबला आणि दोन तासांत विमान दारात हजर, खुर्चीच्या पाठीवर कोरीव वेलबुट्टीसुद्धा. एवढं काम दोन तासांत होत नसतं, हे सुतार मास्तराच्या सुनेला कळत होतं. लेकरू जितं असतानाच म्हाताऱ्यानं हे करायला घेतलं होतं, असं तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच. ती कुणाला बोलली नाही. सासऱ्याला मामा म्हणायची, वेळेवर भाकरी वाढायची, आणि त्यांच्या हातांवर नजर ठेवायची.

आता मागं उरली होती एकटी रत्नम्मा, सात वर्षांची रत्नी. गेल्या वर्षी तापानं तिचे पाय गेले आणि कंबरेतला जोरही गेला. आधार काढला की पोरगी एका अंगाला कलंडायची. आजोबांचा तिच्यावर जीव. खांद्यावर घेऊन मळ्यात न्यायचे, फळीवर अक्षरं कोरून द्यायचे, ती बोटानं गिरवायची. सारं गाव कौतुक करायचं. ईरम्मा म्हणायची, कौतुक थोरल्याचंही होतंच की.

चैत्रात रत्नीला पुन्हा ताप आला. आठ दिवसांनी उतरला, पोरगी पार वाळून गेली. एका दुपारी ईरम्मा धुणं घेऊन आली तर रत्नी भिंतीला टेकून झोपलेली, आणि मास्तर तिच्यापुढं उकिडवे. हातात सुतळी. बैठकीपासून डोक्यापर्यंत एक गाठ. गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत दुसरी. सुनेला पाहून मास्तरांनी सुतळी मुठीत दडवली आणि पाण्याचा तांब्या मागितला, जशी काही तहानच लागली होती.

दुसऱ्या दिवसापासून बंद खोलीत करवत चालू. काय करताय म्हणून विचारलं तर म्हणाले, जुनं लाकूड साफ करायलोय. ताकास तूर लागू देईनात. एक दिवस हुमनाबादला जाऊन चामड्याचे पट्टे घेऊन आले, तेही सदऱ्याखाली लपवून.

ईरम्मानं नवऱ्याला सांगितलं. बंडेप्पाचं कापडाचं दुकान होतं आणि बायकोचं ऐकायला त्याला सवड नव्हती. म्हातारा नातीवर जीव टाकतो, तुझ्याच डोक्यात भुंगा शिरलाय, म्हणाला. मग तिनं आपल्या परीनं सुरू केलं. मास्तरांच्या कोनाड्यातली सुतळी काढून चुलीत घातली. त्यांनी दुसरी घेतली. पोरीला टेकवून बसवायचंच बंद केलं. बसलेलं माणूस मिळालं नाही तर माप कशाचं घेणार? दिवसभर लेकरू आडवं. रत्नी कुरकुर करायची, तर आई तूप-भात भरवायची आणि म्हणायची, गप पड.

अखेर एका सकाळी मास्तर अंघोळीला बसले आणि किल्ली धुण्याच्या दगडावर राहिली. ईरम्मानं कुलूप काढलं.

मधोमध विमान उभं होतं. लहान, रत्नीएवढं. उंच पाठ, दोन्ही बाजूंना हात, खालून दोन दांडे. तिनं दारामागची कुऱ्हाड उचलली आणि एक दांडा मोडला. दुसऱ्यावर घाव घालणार तोच ओलेत्यानं मास्तर दारात आले.

"माझी पोरगी मेली न्हाई अजून," ईरम्मा म्हणाली. "कामून करायलात हे, मामा?"

"शाळंला जायला," मास्तर म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. नव्या हेडमास्तरांना, रामाचार्यांना, ते तीनदा भेटून आले होते. जी पोरगी धड बसू शकत नाही तिला चाळीस पोरांत कुठं ठेवू, असं ते म्हणाले होते. म्हणून ही खुर्ची. दांडे कड्यांतून निघतात. पट्टे खांद्यावर घ्यायचे, दोघांनी उचलायची, वर्गात दांडे काढून ठेवायची. पोरगी पडणार नाही.

"माणसाला बसवून न्यायची एवढी एकच तऱ्हा मला येते, ईरम्मा. ते कशावानी दिसतंय, मला बी दिसायलंय. म्हनून लपवलं."

तिनं कुऱ्हाड खाली ठेवली नाही. "थोरल्याचं आधीच केलं होतं, व्हय का न्हाई?"

"व्हय," मास्तर म्हणाले. "आदल्या दुपारपासून. वैद्यानं मला सांगितलं होतं, तुला न्हाई. लेकरू नीट बसून जावं, एवढंच माझ्या हातात होतं."

इतकी वर्षं धरून ठेवलेला संशय खरा निघाला, आणि आता त्याचं काय करायचं हे तिला कळेना. ती रडली. पंधरा दिवस सासऱ्याशी बोलली नाही. मास्तरांनी दांडा सांधला आणि एका संध्याकाळी काही न विचारता रत्नीला अंगणात खुर्चीत बसवलं. ईरम्मा धान्य पाखडत होती. तिनं वर पाहिलं. पोरगी ताठ बसली होती, पाठीला कुणाचा हात नव्हता. वर्षभरात पहिल्यांदा.

जूनमध्ये शाळा उघडली. बंडेप्पा म्हणाला, जित्या पोरीला विमानात घालून गावातनं मी न्हाई नेणार. शेजारच्यांनी कानावर हात ठेवले. मास्तर एकटेच पट्टा खांद्याला अडकवून मागं उभे होते. ईरम्मानं पदर खोचला आणि दांड्यांची पुढची टोकं धरली.

बाजारपेठेतून जाताना बायांनी लेकरं आत ओढली. तेलाच्या दुकानातून हणमंतप्पा उठून उभा राहिला, हात जोडले आणि हळू आवाजात विचारलं, कोण गेलं म्हणून. रत्नीनंच सांगितलं, मी शाळंला जायले.

ईरम्मा पुढं होती. तिला मागचं काही दिसत नव्हतं. एक पोर तिनं असंच जाताना पाहिलं होतं. दहा पावलं झाली की तिला राहवायचं नाही.

"रत्नी, हायस का?"

"हाय."

पुन्हा दहा पावलं. "हायस?"

"हाय."

वेशीपाशी पोरगी वैतागली. "अव्वा, हाय की मी. अज्जाला दम लागलाय. तू पुढं बघून चाल."

त्यानंतर शाळा येईपर्यंत ईरम्मानं एकदाच विचारलं.